पोटातले जिवाणू, पुरुषांची ताकद आणि साडेचौदा हजारांचा डबा

"पोटातले वाईट जिवाणू तुमची मर्दानी ताकद खातायत" असं सांगणारं पांढऱ्या कोटातल्या माणसाचं रील ज्यांच्या मोबाइलवर येतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. विकणाऱ्यांचं नाव देत नाही. ते दर दोन-चार महिन्यांनी बदलतं, त्यामुळे लक्षात ठेवायची ती त्यांची पद्धत.

माझं तासगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षबागेची औषधं, खतं आणि त्याबरोबर अ‍ॅझोटोबॅक्टर, पीएसबी, ट्रायकोडर्मा अशी कल्चरं, म्हणजे जमिनीत टाकायचे उपयोगी जिवाणू आणि बुरशी, विकतो. जिवाणूंवर माझा भरवसा आहे, घर त्यावर चालतं. वय पंचेचाळिशीच्या पुढे. काही महिने ताठरतेची तक्रार होती आणि उधारीचं टेन्शन म्हणून ती मी स्वतःपुरती मिटवून टाकली होती. असा गिऱ्हाईक त्यांना आयताच सापडला.

जाहिरातीखालचा फॉर्म मोठा हुशारीनं बनवलेला आहे. सकाळी पोट साफ होतं का? जेवणानंतर गॅस होतो का? दुपारी सुस्ती येते का? लघवीतून धात (वीर्य) जाते असं वाटतं का? चाळिशीनंतर यातल्या दोन-तीन प्रश्नांना 'हो' न म्हणणारा माणूस मला तरी माहीत नाही. धातीचा प्रश्न तर जुनाच. आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोगी निराश होऊ नका' लिहिणाऱ्यांचा धंदा त्याच भीतीवर चालला. डॉ. नरेंद्रनाथ विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली या भीतीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. भिंत जाऊन रील आलं, एवढाच फरक.

फॉर्म भरल्यावर तासाभरात फोन आला. आधी एक 'आहारतज्ज्ञ मॅडम', शुद्ध मराठीत, अगदी आपुलकीनं बोलणाऱ्या. "सर, लाजू नका, दहातल्या सात पुरुषांचं हेच आहे." (हा आकडा कुठला, ते विचारलं की विषय बदलतो.) मग 'सीनियर डॉक्टर', हिंदीत. नाव सांगितलं, नोंदणी क्रमांक विचारला तर "रिपोर्टवर येईल" म्हणाले. रिपोर्टवर आला नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे फोनवर सल्ला देणाऱ्या डॉक्टरनं नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो, हे मला नंतर कळलं.

शौचाचा नमुना घ्यायचं किट २,४९९ रुपये. कुरिअरनं गेलं, पीडीएफ आली. रंगीत वर्तुळ, खाली लॅटिन नावं, शेवटी निकाल: चांगले जिवाणू २३ टक्के, वाईट जिवाणू ७७ टक्के, 'पौरुष निर्देशांक: चिंताजनक'. त्यावर उपाय म्हणून कोर्स, ११,९९९ रुपये. सकाळी पाण्यातून घ्यायची प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत चांगल्या जिवाणूंची) पावडर आणि रात्री एक 'शंभर टक्के हर्बल' कॅप्सूल. पैसे यूपीआयनं, क्यूआर कोडवर कुणा माणसाचं नाव.

सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे फरक पडला. पहिल्या आठवड्यातच. रात्रीची कॅप्सूल घेतली की काम होत होतं. सोबत डोकं दुखायचं, कानशिलं गरम व्हायची, नाक चोंदायचं. मॅडम म्हणाल्या, "विषारी द्रव्यं बाहेर पडतायत सर, चांगली खूण आहे." साखर-बिखर तपासून घेऊ का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर उत्तर: "आत्ता कुठलीही तपासणी नको, कोर्सच्या काळात आकडे चुकीचे येतात." हे वाक्य मला साडेचौदा हजारांपेक्षा महाग पडलं.

बिंग फुटलं ते आमच्या दुकानातच. एक जुने बागायतदार, साठीच्या आसपासचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दुपारी गिऱ्हाईक नसताना आले, पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "लेका, तू जिवाणूंचा माणूस. बघ की जरा, ह्यात खरंच काय हाय काय." तोच हिरवा डबा. मोबाइलमध्ये तीच पीडीएफ. चांगले २३ टक्के, वाईट ७७ टक्के. वर्तुळाचे रंगसुद्धा तेच, फक्त नाव आणि वय वेगळं.

तेव्हा मी पहिल्यांदा त्या डब्याकडे दुकानदाराच्या नजरेनं पाहिलं. आमच्याकडे जमिनीत टाकायच्या कल्चरच्या पाकिटावरही कुठला जिवाणू, किती संख्येनं, बॅच कुठली, कधी संपणार हे छापलेलं असतं. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरमधल्या जिवाणू खतात ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत पेशी लागतात. आणि माणसाच्या पोटात जाणाऱ्या या डब्यावर काय, तर 'मित्र जिवाणूंचे मिश्रण'. जातीचं नाव नाही, संख्या नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक होता, पण तो अन्नाचा परवाना. तो असला म्हणजे रोग बरा करायचा दावा करता येतो असं नाही, उलट अन्न म्हणून विकायच्या मालावर तसा दावा करायला बंदीच आहे. शिवाय मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत भाजून आलेल्या पावडरीत किती जिवाणू जिवंत असतील, ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

अण्णांच्या बाबतीत मामला जास्त गंभीर होता. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी कायम खिशात. मला स्वतःला झालेली डोकेदुखी, बंद नाक आठवलं आणि आमच्या मेडिकलवाल्या मित्राला फोन लावला. त्यानं एवढंच सांगितलं: अण्णांना एकही कॅप्सूल घेऊ देऊ नको, उद्या दोघं मिरजेला जा.

मिरजेच्या डॉक्टरांनी डबा बाजूला ठेवून मला विचारलं, "डोकं दुखायचं? चेहरा तापायचा? कधी सगळं निळसर दिसलं?" दिसलं होतं, एकदा. मी ट्यूबलाइटला दोष दिला होता. ते म्हणाले, हे काम जिवाणूंचं नाही, कॅप्सूलमध्ये बहुतेक सिल्डेनाफिल मिसळलंय. म्हणजे व्हायग्रामधलं औषध, जे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालात ते सापडल्याचे इशारे अमेरिकेचं औषध प्रशासन वर्षानुवर्षं देत आलंय. आणि जिभेखालच्या गोळीसारख्या नायट्रेट औषधांसोबत ते पोटात गेलं तर रक्तदाब एकदम कोसळून माणूस दगावू शकतो. अण्णा खुर्चीत गप्प बसले होते. त्या काळात त्यांच्या छातीत दुखलं नव्हतं आणि ती गोळी खिशातच राहिली होती, एवढ्यावर निभावलं.

माझी साखर तपासली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ८.६ निघाली. मधुमेह ६.५ लाच धरतात. म्हणजे तक्रारीचं कारण रक्तात होतं आणि मी पावडर ढवळत बसलो होतो. डॉक्टरांनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या: हृदयाच्या रक्तवाहिन्या तीन ते चार मिलिमीटर रुंद, लिंगाच्या एक ते दोन. रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब व्हायला लागलं की अडचण आधी बारीक नळीत जाणवते, म्हणून ताठरतेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं हृदय आणि साखर बघायचीच. मॅडमनी नको म्हटलेली तपासणी ती हीच.

मग पोटाचा काही संबंध नाहीच का? आहे, आणि फसवणारे त्याच्याच आडोशानं उभे राहतात. ताठरतेसाठी रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड लागतो; त्यावरच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. पालेभाज्या आणि बीटमधल्या नायट्रेटपासून शरीर तो बनवतं, तेव्हा पहिली पायरी जिभेवरचे जिवाणू पार पाडतात. आतड्यातले जिवाणू तंतुमय अन्नापासून अशी आम्लं तयार करतात, ज्यांचा सूज आणि साखरेशी संबंध आहे. ताठरतेची तक्रार असलेल्यांच्या आतड्यातले जिवाणू काही अभ्यासांत वेगळे दिसलेत. पण ते कारण की परिणाम, हे ठरलेलं नाही, आणि शौचाच्या नमुन्यावरून पौरुष मोजणारी मान्यताप्राप्त चाचणी नाही. आहाराचा पुरावा मात्र बरा आहे. इटलीत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११० लठ्ठ पुरुष घेतले होते; आहार-व्यायामाचं नीट मार्गदर्शन मिळालेल्या ५५ जणांपैकी १७ जणांची ताठरता दोन वर्षांत पूर्ववत झाली, दुसऱ्या गटात फक्त तिघांची. दोन वर्षं! रीलमध्ये एकवीस दिवस सांगतात.

पुढचा अंक वसुलीचा. मी कोर्स थांबवतो म्हटल्यावर मॅडमचा आवाज बदलला. "अर्धवट सोडलं तर जिवाणू उलटतात", मग दुसऱ्या टप्प्याचे १८,५०० आणि शेवटी, "वहिनींशी बोलू का? पार्सलच्या पत्त्यावर त्यांचाही नंबर आहे." मी म्हटलं, बोला. मिरजेहून आल्यावर बायकोला सगळं सांगून झालं होतं. त्यानंतर फोन नाही.

अण्णांना मात्र वेगळाच फोन आला. "ग्राहक न्यायालयातून बोलतोय, त्या कंपनीवर कारवाई झालीय, तुमचे पैसे परत द्यायचेत, चार हजार फाइल चार्ज भरा." भरले त्यांनी. ज्यांनी आधी लुटलं त्यांच्याकडेच नंबरांची यादी असते, हे उघड आहे. कुठलंही ग्राहक न्यायालय असा फोन करत नाही. त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि ते चार हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले. माझे पैसे देऊन बरेच दिवस झाले होते, ते गेले. पोलीस ठाण्यात हसतील अशी भीती होती. तिथल्या कॉन्स्टेबलनं मान वर न करता यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक) मागितला आणि म्हणाला, "ह्या महिन्यात अशी बरीच आलीत, साहेब."

कायदा जुना आणि स्पष्ट आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरातच गुन्हा आहे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे रील दिसलं तिथेच गुन्हा घडलेला असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, ग्राहक म्हणून तक्रार १९१५ वर, आणि मालाबद्दल जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. उरलेल्या कॅप्सूल चिडून गटारात टाकू नका, मी निम्म्या टाकल्या होत्या. अण्णांचा न फोडलेला दुसरा डबा बिलासकट होता, तोच तक्रारीसोबत दिलाय.