स्ट्राईक की बंदोबस्त?
1993 ला आरडीएक्स आपल्या रायगडातल्या शेखाडीलाच उतरलं, 2008 ला कसाब नि बाकीचे पण समुद्रातूनच आले, म्हणून दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानवर स्ट्राईक करावा की आपला बंदोबस्त वाढवावा, हा विषय किनाऱ्यावरच्या आम्हाला लागतो. 26/11 नंतर सरकारने हल्ला नाही केला, दहशतवादाचा तपास करणारी एनआयए ही संस्था सुरू केली, सागरी पोलीस ठाणी वाढवली, मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं दिली, बाहेरून प्रेशर आणलं, 2018 ला पाकिस्तान एफएटीएफच्या (दहशतवादाचा पैसा रोखणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ग्रे लिस्टमधे, म्हणजे नजर ठेवलेल्या देशांच्या यादीत गेला पण 2022 ला सुटला पण. उलट 2016 चा सर्जिकल स्ट्राईक, 2019 चा बालाकोटचा हवाई हल्ला हे लगेच दिसतं, धाकही बसतो, पण पहलगामचा दहशतवादी हल्ला त्यानंतरच झाला ना! स्ट्राईक कधीकधी लागतोच, पण मला विचाराल तर आधी रात्री खाडीत गस्तीची बोट फिरायला हवी, आणि अनोळखी होडी दिसली की लगेच तटरक्षक दलाच्या 1554 ला फोन जायला हवा.