प्रेशर वॉशर आणि फोम कॅनन: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

मशीन, म्हणजे जोराच्या धारेने गाडी धुणारा प्रेशर वॉशर, घरगुती गटातलं आहे: १८०० वॅट, कमाल दाब १३५ बार, मिनिटाला साधारण ६ लिटर पाणी. त्यावर पितळी डोक्याचा, एक लिटर बाटलीचा फोम कॅनन, म्हणजे गाडीवर शॅम्पूचा दाट फेस मारायचं जोडसाधन. मशीनसोबत फुकट मिळते ती प्लास्टिकची फोमची बाटली वेगळी. तिच्यात जाळी नसते, त्यामुळे फेस नव्हे, साबणाचं पाणी येतं. ती कितीही दुरुस्त केली तरी तेवढंच देणार, म्हणून तिचा विषय इथेच संपवू.

फेस पातळ आला की पहिला संशय शॅम्पूवर जातो आणि लोक महागडी बाटली आणतात. गोव्यात बहुतेक वेळा दोष पाण्यात निघतो: कमी येणारं पाणी, नाहीतर गाळ घेऊन येणारं पाणी. म्हणून कॅनन खोलण्याआधी तो काढून नेहमीचा लान्स (गनपुढची लांब नळी) लावा आणि नुसतं पाणी मारून बघा. दाब एकसारखा असेल तर गडबड कॅननमध्ये आहे. तिथेही पाणी धक्के देत येत असेल तर कॅननला हात लावायची गरजच नाही.

आधी मशीनची बाजू. घरावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर मीटर उंचीमागे फक्त ०.१ बार दाब मिळतो. टाकी तीन मीटरवर असली तर ०.३ बार, आणि त्यात अर्ध्या इंचाचा जुना पाइप. मशीनला जोडायचा नळीचा शेवट १० लिटरच्या बादलीत सोडा आणि वेळ मोजा. ६ लिटरच्या मशीनला बादली ७५ सेकंदांच्या आत भरायला हवी. ९० ते १०० सेकंद लागत असतील तर पंप उपाशी चालतो, खडखड आवाज करतो आणि गनमधून पाणी तुटक येतं. अशा घरी नळाचा नाद सोडून ड्रममधून सक्शन घेणं बरं. ड्रम मशीनच्याच पातळीवर ठेवा, सक्शन पाइपच्या टोकाला जाळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न जाऊ देणारी झडप) असू द्या, आणि जोडण्यापूर्वी तो पाइप पाण्याने पूर्ण भरून घ्या. नंतर लान्स काढून गनचा ट्रिगर दाबून धरा, हवा निघून सलग धार येईपर्यंत. मिनिटभरात धार लागली नाही तर बंद करा. कोरडा पंप चालवला की त्याचे सील जातात.

पारदर्शक सक्शन पाइप घेतलात तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. ते दिसले की इनलेटचा (पाणी आत घेणाऱ्या तोंडाचा) वायसर बघायचा, मोटर नव्हे.

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं आणि तांबडा गाळ इनलेटच्या बारीक जाळीवर लोण्यासारखा बसतो. जाळी पक्कडीने ओढून काढा, जुन्या टूथब्रशने धुवा. जून ते सप्टेंबर हे दर आठवड्याचं काम समजा. मशीनच्या आधी पारदर्शक कपाचा फिल्टर बसवला तर जाळी दर आठवड्याला धुवावी लागत नाही, महिना निघतो.

वीज हा तिसरा मुद्दा. १८०० वॅट म्हणजे आठ अँपिअरच्या आसपास. वीस मीटरचा १.५ चौ. मिमी एक्स्टेन्शन चालतो, पण पावसात व्होल्टेज आधीच खाली असताना मोटर गुरगुरते आणि सुरू होत नाही. २.५ चौ. मिमी वायर घ्या, रीळ पूर्ण उलगडा, आणि ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) ओल्या अंगणात मशीन लावूच नका.

आता कॅनन. आत काय चालतं ते कळलं की निम्मे दोष आपोआप सापडतात. बारीक पितळी जेटमधून पाणी जोरात जातं, त्या ओढीने बाटलीतला शॅम्पू वर येतो, बाजूच्या छिद्रातून हवा शिरते, आणि पुढची स्टीलची जाळी हे सगळं घुसळून फेस करते. बाजूच्या छिद्रातून उलट पाणीच उडायला लागलं तर जाळी तुंबली असं खुशाल समजा. बाटलीचे गाल आत ओढले जात असतील तर तिच्यात हवा जाण्याची वाट बंद झालीय. झाकणातलं भोक सुईने मोकळं करा. शॅम्पू ओढलाच जात नसेल तर आतली नळी सुटलीय का बघा आणि वरचा नॉब प्लसकडे आहे ना तेही.

जेटवर जरा थांबायला हवं. बाजारात बहुतेक कॅनन १.२५ मिमी जेटसह येतात, आणि ६ लिटरच्या मशीनवर ते ढिले पडतात. इनलेटचा अडॅप्टर उघडला की आत खाच असलेलं पितळी जेट दिसतं. १.१ मिमीचं घातलं की त्याच पाण्यावर दाब जवळजवळ १.७ पट होतो आणि फेस दाट येतो. मात्र ८ लिटरच्या वरच्या मशीनवर हेच जेट घातलंत तर दाब मर्यादेबाहेर जातो, ऑटो-स्टॉप (दाब वाढला की आपोआप थांबवणारा स्विच) मोटर बंद करतो, दाब उतरला की पुन्हा चालू, आणि हे चक्र सुरूच राहतं. तुंबलेलं १.२५ चं जेटही अगदी हीच लक्षणं दाखवतं, म्हणून नवं विकत घेण्याआधी जुनं बारीक तारेने साफ करून बघा. परत बसवताना टेफ्लॉन टेप फक्त आट्यांवर गुंडाळा. टेपचा तुकडा आत गेला की जेट पुन्हा बंद.

जाळीवर वाळलेला शॅम्पू हा कॅननचा खरा शत्रू. काम झालं की बाटलीत साधं पाणी भरून फेस संपेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, मारा. तरीही तुंबलीच तर कोमट पाण्यात तासभर, आणि पांढरा क्षार दिसत असेल तर अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी. पितळ त्यात तासाच्या वर ठेवू नका. साधं पांढरं व्हिनेगर पुरतं, माडाचं विनागर सोरपोतेलला (डुकराच्या मटणाच्या गोवन पदार्थाला) राहू दे.

प्रमाण: १०० मिली न्यूट्रल (ना आम्ल ना अल्कली) शॅम्पू, ९०० मिली पाणी. बाटली दोन मिनिटांत रिकामी होत असेल तर तेवढ्यात मशीनने १२ लिटर पाणी मिसळलं, म्हणजे गाडीवर पडतो तो फेस एक टक्क्याच्याही खाली. बाटली एका मिनिटात संपते तिथे शॅम्पू निम्मा करून चालतं. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ होतं, त्यात फेस टिकत नाही आणि पांढरे ठिपके राहतात. तेव्हा शेवटची धुलाई तरी नळाच्या पाण्याने करा.

फेस काय करतो आणि काय नाही? डिचोली-सत्तरीकडच्या रस्त्यांची तांबडी धूळ तो सैल करतो, पण आधी नुसत्या पाण्याने चिखल उतरवलेला असेल तरच. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली उभ्या गाडीवर तुडतुड्यांचा चिकट रस पडतो, त्यावर कोमट पाण्यात मिसळलेला फेस फार छान काम करतो, सावलीत चार-पाच मिनिटं ठेवून. दारांखालचा तेलकट थर मात्र हातानेच जातो. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर फिरून आल्यावर गाडीखालच्या मिठाला फेस नको, भरपूर साधं पाणी हवं. आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कंपाउंडचं शेवाळ काढताना झिरो नोझल (एकाच बिंदूवर सरळ धार मारणारं तोंड) लावू नका, चिरा मऊ असतो, धार त्यात खड्डे पाडते.

ठेवताना मशीन बंद करून ट्रिगर दाबून आतला दाब सोडायचा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि खाऱ्या वाऱ्यात गंजणाऱ्या स्प्रिंग क्लिपला तेलाचा थेंब. पंपाखाली दुधट तेल दिसलं तर पाणी तेलात गेलंय. ते घरी करायचं काम नाही. बाकी सुट्या ओ-रिंगा, एक १.१ चं जेट आणि जाळीची एक गुंडाळी आधीच आणून ठेवा, पावसात दुकानदार «पुढच्या आठवड्यात येतील» म्हणतो.