हत्तूरच्या अलीकडचे फळ्याचे हॉटेल

सोलापूरहून विजयपूरकडे जाताना हत्तूर यायच्या थोडे अलीकडे, डाव्या हाताला पत्र्याच्या शेडमध्ये चहाचे एक हॉटेल आहे. पाटीवरचे नाव उन्हाने कधीच उडून गेले आहे आणि येणारे-जाणारे त्याला आता ‘फळ्याचं हॉटेल’ म्हणतात. गेली काही वर्षे मी तिथे अधूनमधून चहा घेत आलो आहे. चहा नको तितका गोड, भजी तेलकट आणि बाकडे डुगडुगणारे, एवढेच माझे मत होते आणि त्यावर चार ओळी लिहाव्यात असे कधी वाटले नव्हते. मात्र 22 सप्टेंबर 2025 ला घटस्थापना झाली आणि त्याच सुमारास सीना नदीला जो पूर आला, त्या आठ-दहा दिवसांत मी रोज किमान दोनदा या हॉटेलात जाऊन बसलो, कारण माझ्या धाकट्या भावाचे घर, चार म्हशी आणि तीन एकर ऊस वडकबाळच्या खाली नदीकाठीच आहे. तेव्हा या जागेचा जो उपयोग झाला आणि जो एकदा झाला नाही, तो दोन्ही इथे नोंदवतो.

आमच्या जिल्ह्याला पूर म्हटला की भीमा आणि पंढरपूर आठवते. सीना ही वर्षातील बराच काळ कोरडी राहणारी नदी, जिच्यात पाणी सोडा म्हणून काठच्या गावांनी निवेदने द्यायची. त्यामुळे पुराच्या बातमीचे नेमके काय करायचे असते, याची सवयच कोणाला नव्हती. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येकाच्या मोबाईलवर आकडे येऊन पडत होते. कोळेगावच्या धरणातून इतके हजार क्युसेक, चांदणीतून तितके, खासापुरीतून आणखी काही, आणि आकडा ऐकून जो तो हबकून जात होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. म्हणजे एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक पाणी खाली येते. हा हिशेब डोळे विस्फारायला लावतो खरा, पण ते पाणी आपल्या गोठ्यापर्यंत किती वाजता पोहोचेल, हे त्यातून कळत नाही. उजनीचे पोट मोठे आहे, एकूण साठा 117 टीएमसीच्या घरात, त्यामुळे तिथे येणारे पाणी काही काळ तरी अडवून धरता येते. सीनेवरच्या आणि तिच्या उपनद्यांवरच्या धरणांना ती सोय नाही. ती भरलेली असताना वर पाऊस कोसळला की आलेले पाणी जवळपास तसेच खाली सोडावे लागते.

हॉटेलचे मालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, यांनी इथेच डोके चालवले. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने पदार्थांचे दर लिहिलेले असत. ते त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकले आणि तीन रकाने आखले. पहिल्यात गावाचे नाव, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात कोणी पाहिले. गावे वरून खाली, नदी वाहते त्याच क्रमाने लिहिली होती: दारफळ, लांबोटी, तिऱ्हे, वडकबाळ आणि शेवटी सीना जिथे भीमेला मिळते ते कुडल. कोणी आत येऊन ‘पाणी लई वाढलंय’ म्हणाला की मामा किटली खाली ठेवून विचारायचे, “कुठं बघितलं? स्वतः बघितलं का कुणी सांगितलं? किती वाजता?” स्वतः पाहिलेले असेल तर ते साधे लिहिले जाई, आणि ऐकीव असेल तर त्याभोवती खडूने गोल काढला जाई. एका तरुणाने कोणाच्या तरी स्टेटसवरचा व्हिडिओ दाखवून लांबोटीचा पूल गेला म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा मामांनी चित्रातल्या पुलाचे कठडे बघून हा आपल्याकडचा पूलच नव्हे असे शांतपणे सांगितले आणि फळ्याला हातही लावला नाही. लांबोटीजवळ पाणी वाढून सोलापूर-पुणे महामार्गाची वाहतूक खरोखर थांबली, तेव्हा मात्र तिकडून परत फिरलेल्या ट्रकचालकाच्या तोंडून वेळेसह ती नोंद फळ्यावर आली.

दुसरी मोठी अफवा उजनीची. उजनीतून पाणी सोडले, आता वडकबाळ बुडणार, असे एका रात्रीत दहा जणांनी मला फोन करून सांगितले. उजनी भीमेवर आहे, सीनेवर नाही, हे सोलापूरकरांना सांगावे लागू नये, पण भीतीपुढे भूगोल टिकत नाही. तरीही बातमी अगदीच टाकाऊ नव्हती, कारण भीमा दुथडी भरलेली असली तर कुडलजवळ सीनेच्या पाण्याला पुढे जायला वाट मिळत नाही आणि फुगवटा मागे सरकत येतो. हा मुद्दा हॉटेलात शेजारच्या गावातल्या एका वयस्कर शेतकऱ्याने बाकड्यावर सांडलेल्या चहात बोटाने दोन नद्या काढून समजावला. कानडी आणि मराठी अशी सरमिसळ बोलणाऱ्या त्या गृहस्थांचे म्हणणे मामांनी कुडलच्या ओळीत दोन शब्दांत उतरवले: ‘पाणी तुंबलेले’. धरणाच्या आकड्यांपेक्षा त्या दोन शब्दांचा आम्हाला अधिक उपयोग झाला, कारण वरून विसर्ग कमी झाल्याचे कळूनही भावाने म्हशी परत आणण्याची घाई केली नाही.

कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या, काढले की नाहीत, हा आणखी एक प्रश्न तिथे रोज चर्चिला जाई. बरगे तसेच राहिले तर पाणी बंधाऱ्याला बगल देऊन काठाची माती आणि उभे पीक खरवडून नेते. या बाबतीत फळ्यावर ज्या नोंदी होत्या त्या सगळ्या काठावर राहणाऱ्यांनी केलेल्या होत्या.

आता तक्रार. ज्या रात्री हत्तूर-वडकबाळ भागात महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद झाली, त्याच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता तिऱ्ह्याच्या पुलाखाली पाणी स्थिर असल्याची नोंद फळ्यावर होती. मी ती वाचून भावाला फोन केला की नदीवरची मोटार सकाळी काढली तरी चालेल. त्या वेळी रात्रीचे साडेदहा वाजले होते. साडेतीन तासांत मधे काही बदलले असेल हे मला सुचायला हवे होते, पण फळ्यावर जे लिहिले आहे ते ताजेच असणार असा विश्वास त्या जागेने तोवर निर्माण केला होता, आणि गर्दीत पोरे चहा वाटत असताना जुनी ओळ पुसायची राहून गेली होती. मोटार, स्टार्टरची पेटी आणि काही पाइप त्या रात्री गेले. दुसऱ्या दिवशी मी हे मामांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. तेव्हापासून दोन तास उलटलेल्या प्रत्येक ओळीवर ते आडवी रेघ मारू लागले. रेघ मारलेली ओळ वाचता येई, पण तिच्यावर विसंबायचे नाही हे कळे. ही सुधारणा चांगली, पण ती एक दिवस आधी झाली असती तर मला परवडले असते.

खाण्याबद्दल. नवरात्र असल्यामुळे निम्मे गिऱ्हाईक उपवासाचे होते आणि साबुदाण्याची खिचडी सकाळी नऊच्या आत संपत असे. शेंगदाण्याच्या कुटाला आमच्याकडे तोटा नाही, तो सढळ हाताने घातलेला असे, पण मिरची अंमळ जास्त. भजी पूर्वीसारखीच तेलकट. चहा दहा रुपये, आणि पुराच्या काळातही त्यांनी तो वाढवला नाही, हे नमूद केले पाहिजे. खरी वाखाणण्यासारखी गोष्ट म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची पातळ थापून तव्यावर पूर्ण वाळवलेली ही भाकरी ओलावा नसल्याने आठवडेच्या आठवडे टिकते, आणि काठच्या गावांतून शाळेत मुक्कामाला आलेल्या लोकांसाठी पाव, बिस्किटांचे ढीग दमट होऊन पडलेले असताना मामांच्या घरच्या बायकांनी केलेल्या भाकऱ्या आणि शेंगा चटणीच्या पुड्या शेवटपर्यंत कामाला आल्या. एक अडचण मात्र होती. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना ही भाकरी तशी खाता येत नाही, ती आमटीत कुस्करून भिजवावी लागते, आणि पहिले दोन दिवस आमटीची सोय कोणी केली नव्हती. आमच्या आईने ती चहात भिजवून खाल्ली आणि वरून ‘बरी लागते’ असेही सांगितले.

वीज गेलेली असताना हॉटेलच्या इन्व्हर्टरवर मोबाईल चार्ज करून देण्याची सोय विनामूल्य होती. एका बोर्डावर आठ-दहा फोन एकदम लागलेले असत. त्या गर्दीत माझ्या फोनची एका कांदे व्यापाऱ्याच्या फोनशी अदलाबदल झाली आणि दिवसभर मला लिलावाचे भाव विचारणारे फोन येत राहिले, ज्यांना मी काय उत्तर द्यायचे हे मला आजही समजलेले नाही.

सध्या हॉटेल पहाटे साडेपाच ते रात्री नऊ उघडे असते, चारचाकी लावायला जागा अपुरी आहे आणि मुतारी वापरण्याजोगी नाही. फळ्यावर पुन्हा दर लिहिलेले आहेत, फक्त खालच्या कोपऱ्यात कुडलची ओळ अजून पुसलेली नाही. खिचडी आता फक्त सोमवारी आणि गुरुवारी मिळते. चहा सांगताना साखर कमी असे आधीच बजावावे आणि फोन चार्जिंगला लावायचा असेल तर पाठीमागे चिकटपट्टीवर आपले नाव लिहून ठेवावे.