मुळाचं टोक उघडं असलेल्या दातासाठी जंतुनाशक स्कॅफोल्ड: कोणता घ्यावा?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दाताला मार लागून नस मेली, की नुसत्या रूट कॅनलने भागत नाही. मुळाची वाढ अर्धवटच थांबते, म्हणून त्याच्या भिंती पातळच राहतात आणि दात मोडायची भीती असते. म्हणून आत नवी ऊती वाढवायची. तिला धरायला स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना आधार देणारा सांगाडा हवा, आणि आत जंतू उरले तर सगळी मेहनत वाया. थिसिससाठी साहित्य निवडणाऱ्या एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर) विद्यार्थ्यांनी एकच निकष धरावा असं मला वाटतं: ज्या मात्रेत जंतू मरतात, त्याच मात्रेत मुळाच्या टोकाशी असलेल्या स्टेम सेल (नवी ऊती घडवणाऱ्या मूळ पेशी) जगतात का?

तिहेरी अँटिबायोटिक पेस्ट इथेच अडली. सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल, मिनोसायक्लिन हे त्रिकूट जंतूंवर जबरदस्त. पण दाट पेस्ट करून भरलं तर स्टेम सेलही मारतं, शिवाय मिनोसायक्लिनने दात काळपट पडतो.

त्यावरचा उतारा म्हणजे नॅनोफायबर, अतिसूक्ष्म धाग्यांची औषध भरलेली जाळी. विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्याचंच पॉलिडायॉक्सॅनोन, त्यात पेस्टच्या मानाने फारच कमी औषध, मिनोसायक्लिनऐवजी क्लिंडामायसिन. कल्पना मला मनापासून आवडते. पण इलेक्ट्रोस्पिनिंगचं (विजेच्या दाबाने असे धागे ओढणारं) यंत्र लागतं, आणि ही जाळी मुख्यतः निर्जंतुकीकरणासाठी आहे. ऊती वाढवायला नंतर दुसरा आधार लागतोच.

कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळतं. त्याच्या अमिनो गटांवरचा धन प्रभार जंतूंच्या ऋण प्रभारित आवरणाला चिकटून ते फोडतो, म्हणजे अँटिबायोटिकची गरजच नाही. मात्र हा प्रभार आम्लात टिकतो, शरीराच्या ७.४ पीएचला बराचसा जातो आणि धारही कमी होते. बॅचगणिक गुण बदलतात, म्हणून डीअॅसिटिलेशनचं प्रमाण (कवचातल्या कायटिनचे अॅसिटिल गट किती काढले ते) आणि रेणुभार लिहिलेला नसेल तर ती बाटली घेऊच नका.

पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे प्लेटलेट भरपूर असलेली रक्ताची गुठळी) रुग्णाच्याच रक्तातून, काही न मिसळता, सेंट्रिफ्यूजमध्ये मिळतं. वाढीचे घटक भरपूर, पण जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबू नये. चांदीच्या नॅनोकणांनी दात डागाळतो. पुढच्या दातात नकोच.

यंत्र हाताशी असेल तर नॅनोफायबर, नसेल तर कायटोसान, असं माझं मत. खुर्चीवरच्या मुलासाठी मात्र आज धुवायला दीड टक्का सोडियम हायपोक्लोराइट आणि आत भरायला कॅल्शियम हायड्रॉक्साइडच बरं. पुढच्या भेटीत अॅड्रेनालिन नसलेली भूल द्या, नाहीतर रक्तवाहिन्या आकसतात आणि टोकातून रक्त वर येत नाही. १७ टक्के ईडीटीएने (कॅल्शियम ओढून घेणाऱ्या द्रावणाने) धुतलं की डेंटिनमधले, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थरातले, वाढीचे घटक मोकळे होतात. मग मुळाच्या टोकापलीकडे हलकेच टोचून कॅनलमध्ये रक्त आणा. त्याची गुठळी हाच स्कॅफोल्ड.