तीन चाळणींचं स्टीलचं मोदकपात्र: गणपतीच्या पाहुण्यांसाठी घेतलं, आता त्याच्याशिवाय चालत नाही

ज्यांच्या घरी गणपतीला पाहुणे येतात आणि प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं, त्यांनी मोठं, तीन चाळणींचं मोदकपात्र जरूर घ्यावं. मी गेल्या वर्षी पुण्याला तुळशीबागेत घेतलं, २,९५० रुपयांना. त्यावर कुठल्या कंपनीचा छाप नाही. व्यास २८ सेंटिमीटर, खालचं पातेलं साडेपाच लिटरचं, वर एकावर एक बसणाऱ्या तीन चाळणी आणि घुमटासारखं फुगीर स्टीलचं झाकण. आमचं घर रत्नागिरीत. गणपती पाच दिवसांचा, आणि त्या पाच दिवसांत घरात चार तऱ्हांची पानं वाढली जातात.

आधी ती पानं सांगते, म्हणजे भांड्याचं मोल कळेल. माझ्या भाच्याला सिलिॲकचा आजार आहे. गहू, रवा, मैदा, जव यांचा कणही त्याला चालत नाही. कण म्हणजे खरंच कण. पाकिटावर ग्लूटेनमुक्त (ग्लूटेन म्हणजे गव्हा-जवातलं त्याला बाधणारं प्रथिन) लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्याकडचा नियम आहे, त्यावरून अंदाज यावा. पुतणी बंगळुरूला असते; ती दूध, तूप, दही, मध यांतलं काही घेत नाही. लेकीच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, सांगलीकडच्या दिगंबर जैन. त्यांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. त्या दिवसांत त्यांचं एकाशन असतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, तेही सूर्यास्ताच्या आत. कंदमुळं नाहीत, पालेभाजी नाही, रात्रभर आंबवलेलं पीठ नाही, पाणी गाळून उकळलेलं. आणि त्याच पंचमीला आमच्या आत्याबाईंची ऋषिपंचमी, म्हणजे बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. यात भाऊजींचा मधुमेह मी वेगळा धरलेलाच नाही.

या सगळ्यांना चालेल असं शिजवायचं तर वाफेसारखा दुसरा मार्ग नाही. पोळी भाच्याला नको, तुपातलं पुतणीला नको, बटाटा विहीणबाईंना नको. वाफेवर तांदूळ, नारळ, गूळ, डाळी, पानं एवढ्यावरच पंगत उठते. आपल्या कोकणच्या स्वयंपाकात हे सगळं आधीपासून आहे: उकडीचे मोदक, पातोळ्या, निवगऱ्या, अळूवडी. नवीन शोधून काढायची गरजच पडत नाही. भांडं मात्र मोठं आणि नीट घासता येणारं हवं.

घासता येणं हा माझ्या दृष्टीने पहिला मुद्दा. माझ्याकडे जुनं ॲल्युमिनियमचं मोदकपात्र होतं. त्याच्या चाळणीला वर्षानुवर्षांचे चरे पडलेले, आणि त्यात काय काय उकडलं गेलं असेल त्याचा हिशोब नाही. बांबूच्या टोपल्या दिसायला सुंदर, पण आमच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते आणि बांबू वास शोषून घेतो. सिलिॲकवाल्या माणसासाठी ज्या भांड्याचा तळ नि कड बोटाने तपासता येत नाही ते भांडं नको. या स्टीलच्या चाळणी सपाट आहेत, भोकं गोल आणि मोठी आहेत, काथ्याने घासल्या की स्वच्छ निघतात. नव्या असताना भोकांच्या कडा खालच्या बाजूने धारदार होत्या. पहिल्यांदा घासताना जपून घासा.

दुसरा मुद्दा झाकणाचा. सपाट झाकणाला वाफ लागली की थेंब सरळ खाली पडतात आणि मोदक वरून चिकट, पांढरट होतात. इथे झाकण घुमटाकार असल्यामुळे पाणी कडेकडेने ओघळतं. झाकणाला फडकं बांधावं लागत नाही. मोदकाच्या कळ्या जशा काढल्या तशा राहतात, आणि एवढ्यासाठी मी या भांड्याला पैकीच्या पैकी गुण देते.

आता तीन चाळणी कशा लावायच्या ते सांगते, कारण दुकानदार ते सांगत नाही. पाण्याचे थेंब वरून खाली जातात आणि वास खालून वर येतो. म्हणून ज्याचं पथ्य सगळ्यात कडक त्याचा जिन्नस सगळ्यात वर, म्हणजे दुसऱ्या कशाचाही ओघळ त्यावर येत नाही. आणि ज्याचा वास उग्र ते त्याच घाण्यात लावायचंच नाही. लसूण घातलेली वडी खाली ठेवली तर वरच्या मोदकांना तिचा वास लागतो. गणपतीच्या दिवसांत मी या पात्रात कांदा-लसूण आणतच नाही. आणि गहू तर कधीच नाही, वर्षभर नाही. हे पात्र आमच्या घरात बिनगव्हाचं म्हणूनच ठरलेलं आहे. त्याचा चिमटा, काथ्या आणि पुसायचं फडकंसुद्धा वेगळं.

चतुर्थीला दोन चाळणींत मिळून नैवेद्याचे २१ मोदक आरामात बसतात, एकमेकांना न चिकटता. तिसऱ्या चाळणीत पुतणीचे. तिच्या उकडीत तुपाऐवजी खोबरेल घालते, घाण्याचं. सारण तेच, ओलं खोबरं, गूळ, वेलची. वर तुपाऐवजी नारळाचा दाट रस. खरं सांगायचं तर आता घरातली बाकीची माणसंही रसाबरोबरचे मागतात. खाली हळदीची पानं अंथरली की मोदक सुटतोही छान आणि वासही लागतो. मोदकांना पाण्याला खळखळून उकळी आल्यावर १० ते १२ मिनिटं पुरतात. उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ घालून निवगऱ्या थापायच्या. त्या भाऊजींसाठी, पण तांदूळ तो तांदूळच, गोड नसला तरी साखर वाढवतो, त्यामुळे त्यांना दोनच निवगऱ्या आणि बाकी पान अळूवडी, काकडीच्या कोशिंबिरीने भरायचं.

पंचमीला खरी कसोटी. सकाळी आधी फक्त खालचं पातेलं आणि झाकण घेते आणि त्यात आत्याबाईंची ऋषीची भाजी शिजवते: परसातलं अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, चिंचेचा कोळ. तेल नाही, फोडणी नाही. वर चाळण लावून दुसरं काही उकडत नाही, कारण तांदळाच्या मोदकांचं पाणी भाजीत उतरलं तर त्यांच्या व्रताला चालणार नाही. तळ जाड असल्यामुळे भाजी लागत नाही, हे या भांड्याचं मला न विचारता मिळालेलं सुख.

मग पातेलं घासून गाळलेलं ताजं पाणी. सगळ्यात वर विहीणबाईंचे मूगडाळीचे फुणके. डाळ सकाळीच भिजवलेली, चार तासांनी वाटलेली, त्यात हिरवी मिरची, जिरं, मीठ, ओलं खोबरं एवढंच. मध्ये मोदक. खाली अळूवडीचे उंडे, त्यांना २५ मिनिटं लागतात, म्हणून ते आधी चढवायचे आणि वरच्या दोन चाळणी नंतर ठेवायच्या. चाळणी एकमेकींत खाचेवर घट्ट बसतात, मधून वाफ निसटत नाही, त्यामुळे मधेच चढवल्या तरी खालचं कच्चं राहत नाही. चार वाजेपर्यंत विहीणबाईंचं पान वाढून होतं. त्या फुणके कुसकरून साध्या भातावर घेतात.

भाच्यासाठी मात्र एकटं पात्र पुरत नाही, आणि हे नीट लक्षात ठेवा. गिरणीतून दळून आणलेली तांदळाची पिठी त्याला चालत नाही, कारण त्याच जात्यात आधी गहू दळलेले असतात. तांदूळ धुवून, सावलीत वाळवून घरच्या मिक्सरवर दळायचे, नव्या चाळणीने चाळायचे. बेसनही तसंच, चण्याची डाळ घरी दळून. बाजारच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवर घटक वाचा, नाहीतर हिंग सोडून द्या. पोळपाट-लाटणं त्याच्या पानाच्या वाटेला येऊ देऊ नका. अळूवडी तळायची असेल तर कढईतलं तेल कोरं हवं, पुऱ्या तळलेलं नको. मी त्याच्यासाठी तळतच नाही, उंडे कापून वर तीळ-मोहरीची फोडणी घालते. चार-पाच वर्षांचा असताना हा मुलगा लग्नाच्या पंगतीत बाजूला बसून घरचा डबा खायचा. आमच्याकडे तो सगळ्यांच्या रांगेत बसतो आणि त्याच्या पानात तेच असतं जे शेजारच्या पानात आहे. माझ्यासाठी ही खरेदी याच कारणासाठी आहे.

तक्रारी आहेत. दोन चाळणींमधलं अंतर जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. आमच्याकडे मोदकाला उंच नाक काढतात, ते वरच्या चाळणीला टेकून वाकतं. मोठे मोदक फक्त सगळ्यात वरच्या चाळणीत करावे लागतात. बाजूच्या कड्या स्टीलच्याच आहेत, तापतात, जाड फडक्याशिवाय हात लावू नका. भरलेलं पात्र जड होतं, वयस्कर बाईने एकटीने उतरवू नये. पाणी किती उरलं ते बाहेरून कळत नाही. त्यावर आजीचा उपाय अजून लागू पडतो: पाण्यात एक स्वच्छ धुतलेलं नाणं टाकायचं, ते खडखडतंय तोवर पाणी आहे, आवाज थांबला की उकळतं पाणी कडेने घालायचं. लहान बर्नरवर तिसऱ्या चाळणीपर्यंत जोरकस वाफ पोचत नाही, मोठाच बर्नर लागतो. इंडक्शनवर मी वापरलेलं नाही.

दोघातिघांच्या घरात हे घेऊ नये, फार जागा खातं. तिथे साधं इडलीपात्र पुरे. ज्यांच्याकडे पाहुण्यांचा राबता आहे त्यांनी दुकानात दोन गोष्टी तपासाव्यात. झाकण पालथं धरून ते मधे फुगीर आहे ना ते पाहावं, आणि चाळणी एकावर एक ठेवून हलवून बघाव्यात, डुगडुगल्या तर ते भांडं सोडावं. सुटी जादा चाळण मिळत असेल तर तीही लगेच घ्यावी. मला ती तेव्हा ३५० रुपयांत देत होते, आणि यंदा पुण्याला गेले की पहिल्यांदा तीच आणणार आहे, म्हणजे विहीणबाईंची चाळण कायमची वेगळी ठेवता येईल.