बिअरमध्ये फळ घालायचंय: ताजं, गोठवलेलं की डब्यातलं?

घरी बिअर करायला लागलेल्या मराठी माणसाला दोन-चार बॅच नीट उतरल्या की आंबा आठवतोच. मग प्रश्न पडतो: बाजारातून ताजी फळं आणून सोलत बसायचं, फ्रीझरमधली पिशवी ओतायची, की सरळ रसाचा डबा फोडायचा? 'ताजं ते उत्तम' असं बहुतेकजण धरून चालतात. मला ते पटत नाही. बिअरला फळ पूर्ण पिकलेलं लागतं. ते झाडावरून कालच उतरलं की सहा महिन्यांपूर्वी, याचं यीस्टला काही पडलेलं नसतं.

हे लिहिलंय ते परदेशात राहणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती पाच लिटर असो की स्वतःपुरती असो. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर मोकळी झाली: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, विकायची मात्र नाही. तरी राज्यांचे कायदे वेगळे; मिसिसिपी आणि अलाबामा २०१३ पर्यंत अडून बसले होते. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ सालीच गेली. पुढचे आकडे पाच गॅलन, म्हणजे १९ लिटरच्या बॅचसाठी आहेत.

ताजं फळ

स्ट्रॉबेरी, रासबेरी, चेरी ही फळं तोडल्यानंतर पिकत नाहीत. तोडली तेव्हा जेवढी गोडी आणि वास होता तेवढाच. सुपरमार्केटातली स्ट्रॉबेरी हजार मैल ट्रकमधून येणार असते, म्हणून ती टणक असतानाच तोडतात. दिसायला सुरेख, बिअरमध्ये घातली की काकडीचं पाणी. त्यामुळे बेरी किंवा चेरी ताजी वापरायचीच असेल तर स्वतः तोडून घ्यायच्या शेतावर जा. मिशिगनला राहत असाल तर जूनअखेर ते जुलै आंबट मॉन्टमोरेन्सी चेरीचा हंगाम असतो. बिअरसाठी तिच्याइतकं चांगलं फळ अमेरिकेत मला दुसरं दिसत नाही: आंबटपणा भरपूर, रंग पक्का, वास टिकाऊ. ती इतकी नाजूक की दुकानात ताजी सहसा दिसतच नाही.

आंब्याचं वेगळं. तो तोडल्यावर पिकतो, म्हणून आढी घालून, देठाशी वास सुटेपर्यंत थांबता येतं. पण हापूसचा हिशोब एकदा करून बघा. किलोभर आंब्यातून साल-बाठा जाऊन सहाशे ग्रॅमच्या आसपास रस निघतो. बिअरमध्ये आंबा कळायला निदान तीन किलो रस लागतो. म्हणजे पाच किलो आंबे, पावणेदोन डझनाच्या आसपास. हापूसला अमेरिकेचं दार २००७ साली उघडलं, तेही विकिरणाच्या अटीवर. तो विमानाने येतो आणि भावही तसाच असतो. एवढे हापूस बादलीत ओतायला माझा तरी हात धजत नाही. ते खावेत. ताजाच आंबा हवा असेल तर मेक्सिकोचा अताउल्फो घ्या. छोटा, पिवळा, रेषा जवळजवळ नाहीत. लालबुंद टॉमी अॅटकिन्स मात्र रेषाळ आणि वासाला मंद.

ताज्या फळाची दुसरी अडचण म्हणजे सालीवर बसलेले रानटी यीस्ट आणि जिवाणू. धुऊन ते जात नाहीत. उपाय दोन. एक, गर ७० अंश सेल्सिअसवर दहा-पंधरा मिनिटं धरायचा. उकळायचा नाही, कारण उकळलं की पेक्टिन (जॅम ज्याने घट्ट होतो तो फळातला पदार्थ) सुटतं आणि बिअर कायमची गढूळ होते, शिवाय चव जॅमकडे झुकते. दोन, केएमएस, म्हणजे जंतूंना आवरणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. घरी स्क्वॉश करणाऱ्या आई-मावशीला विचारा, तिला ही पूड ठाऊक असते. इकडे तीच कॅम्पडेनच्या गोळ्या म्हणून मिळते. गॅलनला एक गोळी चुरून गरात घालायची, सैल झाकून चोवीस तास ठेवायची, मग बिअरमध्ये.

बेल्जियमचे लँबिकवाले, म्हणजे रानटी यीस्टवर आंबट बिअर करणारे, या भानगडीत पडत नाहीत. ब्रसेल्सच्या आसपास क्रीकसाठी, म्हणजे चेरीच्या लँबिकसाठी, चेरी बियांसकट पिंपात घालतात, लिटरला दोनशे ग्रॅम आणि त्याहूनही जास्त, आणि रानटी यीस्टचं तिथे स्वागतच असतं. बियांमुळे बदामासारखा बारीक वास येतो. पण ती बिअर तयार व्हायला वर्षं लागतात. सहा आठवड्यांत बाटली उघडायची असेल तर त्यांचं अनुकरण करू नका.

गोठवलेलं फळ

माझी पसंती बहुतेक वेळा हीच. गोठवायच्या बेरी आणि चेरी पिकल्यावर तोडून लगेच गोठवतात, कारण त्यांना दुकानाच्या फळीवर तग धरायचा नसतो. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, त्यामुळे वितळल्यावर रस आपोआप सुटतो, कुटायला नको. म्हणूनच शेतावरून आणलेलं ताजं फळही आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये टाकावं. भाव ताज्याहून कमी, बारा महिने मिळतं, चेरीच्या बिया काढलेल्या असतात.

एक गैरसमज तेवढा काढून टाका: गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. मुख्य आंबणं संपल्यानंतर घालणार असाल तर पाच टक्के अल्कोहोल, बिअरची आम्लता आणि हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) मिळून बरंच संरक्षण करतात, आणि बरेचजण तेवढ्यावर भागवतात. मी भित्रा आहे, केएमएस घालतो.

डब्यातला गर

इथे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. एक, ब्रूइंगच्या दुकानात मिळणारा निर्जंतुक प्युरे: नुसतं फळ, साखर नाही, संरक्षक नाही. डबा उघडायचा, ओतायचा. जंतूंची काळजी शून्य, किंमत मात्र तिन्हींत जास्त. दुसरा, इंडियन स्टोअरमधला ८५० ग्रॅमचा हापूस किंवा केसर रसाचा डबा. यात बहुधा वरून साखर घातलेली असते, आणि इथेच डब्यामागचं लेबल वाचायला हवं. १०० ग्रॅम साखर १९ लिटरमध्ये ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर मोजायचं माप) साधारण दोन अंकांनी वाढवते, म्हणजे १.०५० ची १.०५२. चार डब्यांत मिळून किती साखर आहे हे बघून माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) तेवढा कमी करा, नाहीतर अंग पातळ आणि डोकं जड अशी बिअर मिळेल. घटकांत बेन्झोएट किंवा सॉर्बेट दिसलं तर डबा परत ठेवा. ते यीस्टला अडवण्यासाठीच घातलेलं असतं.

तरीही आंब्यासाठी मी डबाच घेईन. हापूसचा हंगामातला पिकलेला रस, गाळलेला, गरम करून बंद केलेला. ताज्या हापूसचा सुगंध त्यात नसतो हे खरं, पण तो सुगंध आंबताना निघणाऱ्या वायूबरोबर बराचसा उडूनच जाणार असतो.

साखरेचं गणित

'फळ घातलं की बिअर कडक होते' हे सर्रास ऐकू येतं. फळात साखर असते तसं पाणीही असतं, आणि पाणी कितीतरी जास्त. ताज्या आंब्यात साधारण १४-१५ टक्के साखर. तीन किलो रस घातला तर साडेचारशे ग्रॅमच्या आत-बाहेर साखर आणि अडीच लिटर पाणी. मूळ ग्रॅव्हिटी १.०५० असेल तर हिशोब जवळपास तिथेच येतो. स्ट्रॉबेरीत साखर जेमतेम पाच टक्के. तीन किलो घातल्या तर १.०५० ची १.०४६ होते, म्हणजे बिअर चक्क सौम्य होते. स्ट्रॉबेरीसाठी वर्ट, म्हणजे माल्टचं न आंबलेलं गोड पाणी, थोडं दाट करून ठेवावं. रासबेरीचंही तसंच, पण ती इतकी तिखट वासाची असते की दीड-दोन किलोत काम भागतं.

ही साखर जवळजवळ सगळी आंबते. उरतो तो आंबटपणा आणि जेवढा टिकेल तेवढा वास. आमरसाची गोडी बाटलीत मिळेल अशी आशा असेल तर निराशा ठरलेली. आंब्याच्या बिअरमध्ये जे उरतं ते सालीजवळच्या गरासारखं, किंचित राळेच्या अंगाचं. मला ते आवडतं. ज्यांना गोडच हवं त्यांनी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घालावं, बिअरचं यीस्ट ते खाऊ शकत नाही. फक्त दूध न पचणाऱ्या पाहुण्यांना आधी सांगा.

कधी घालायचं

उकळत्या वर्टमध्ये नको, वास जातो आणि पेक्टिन सुटतं. आंबणं जोरात चालू असताना घातलं तर जंतूंची भीती कमी, पण वायू वास घेऊन जातो. जोर ओसरल्यावर, चार-पाच दिवसांनी घातलं की सगळ्यात जास्त चव उरते. आंबा आणि पीचसोबत पेक्टिनेज, म्हणजे पेक्टिन तोडणारं एन्झाइम, घाला. अख्खी फळं नायलॉनच्या पिशवीत बांधा आणि रुंद तोंडाची बादली वापरा. अरुंद गळ्याच्या काचेच्या बरणीत गर वर येऊन वायू सोडणारी नळी बुजते, दाब वाढतो, आणि मग छत पुसावं लागतं. आंब्याचा गाळ दोन-तीन लिटर बिअर धरून बसतो, तेवढी तूट मनात धरा.

अननसाचा मोह होत असेल तर तो डब्यातलाच घ्यावा असा नियम आहे. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम प्रथिनं तोडतं, आणि बिअरचा फेस प्रथिनांवरच उभा असतो. डब्यातल्याला आच लागलेली असल्याने ते मेलेलं असतं. पपईतल्या पपेनचंही तेच.

आणि कोकम. त्याचं आगळ खारट असतं म्हणून लोक बाजूला ठेवतात, पण जर्मनीतल्या गोस्लारची गोझं ही बिअर मुळातच आंबट आणि मिठाची. तिथे आगळ बरोबर बसतं. थोडं घालून चाखत जा आणि वेगळं मीठ टाकू नका. कोकमाचं गोड सरबत मात्र नको, त्यात साखरेबरोबर संरक्षकही असू शकतं.

पहिलीच फळाची बॅच असेल तर हलकी गव्हाची बिअर करा, हॉप्स कमी, यीस्ट साधं, आणि दोन किलो गोठवलेली रासबेरी किंवा तीन किलो गोठवलेली आंबट चेरी. आंबा दुसऱ्या खेपेला, डब्यातला. ताज्या फळाकडे तेव्हाच वळा जेव्हा शेत जवळ आहे आणि शनिवार मोकळा आहे.

बाटल्या भरायची घाई इथे नेहमीपेक्षा महाग पडते. फळ घातल्यावर आंबणं पुन्हा सुरू होतं आणि गरात अडकलेली साखर हळूहळू सुटत राहते. हायड्रोमीटरचा (ग्रॅव्हिटी मोजायच्या उपकरणाचा) आकडा तीन दिवस हलला नाही की मगच भरा. आठवड्याने एक बाटली उघडून बघा. फेस उसळून बाहेर आला तर बाकीच्या लगेच फ्रीजमध्ये टाका, आणि फ्रीजपर्यंत नेताना हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.