पुढच्या कॅमेऱ्यात काय हवं: जास्त मेगापिक्सेल की वेगवान सेन्सर?

मला वेगच हवा. सोनीचेच दोन कॅमेरे घ्या. ए७आर ५ मध्ये ६१ मेगापिक्सेल. लेण्यातल्या शिल्पाचा फोटो अर्धा कापला तरी दगडावरची छिन्नीची खूण शाबूत राहते, प्रिंटही भिंतभर निघते. पण सायलेंट शटरवर (म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर) तो सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, ओळीओळीने वाचला जातो, तेही सावकाश. मग मिरवणुकीत ढोलावर पडणारं टिपरू फोटोत चक्क वाकडं येतं. वर एलईडीच्या उजेडाचे पट्टे. तो क्षण गेला तो गेलाच, पुन्हा कुठून आणायचा?

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या ए९ ३ मध्ये ग्लोबल शटर आहे. सगळा सेन्सर एकाच क्षणी प्रकाश टिपतो, त्यामुळे टिपरू सरळच येतं. सेकंदाला १२० फोटो निघतात, आणि भर उन्हात वेगवान शटरलाही फ्लॅश साथ देतो. मेगापिक्सेल मात्र सुमारे २४, आयएसओ (प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा) २५० पासून सुरू होतो, आणि कमी उजेडात नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, जरा जास्त. अल्बमला २४ पुरतात.

निसर्ग आणि वास्तू टिपणाऱ्यांनी खुशाल ६१ घ्यावेत. माझं मागणं एकच: हे ग्लोबल शटर मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यात येऊ दे.